खोली झाडली का?

कुठेही बसायच्या आधी ते समोरच्या टेबलाचा ड्रॉवर उघडून बघायचे. बँकेत, तहसीलमध्ये, आणि एकदा तर मंगल कार्यालयात, जिथे ते टेबल फक्त आहेराची नावं लिहायला मांडलेलं होतं. ड्रॉवर ओढायचा, आत कोपऱ्यापर्यंत हात फिरवायचा, काही नसलं की बंद करायचा आणि मग बसायचं. खुर्चीवर उशी असली तर तीही उचलून बघायची. त्यांच्याबरोबर पहिल्यांदा बाहेर गेलेल्या माणसाला अवघडल्यासारखं व्हायचं. महिन्याभराने तोच माणूस कुठेही गेला की आधी ड्रॉवरकडे बघायला लागायचा. माझंही तेच झालं.

आम्ही त्यांना मॅनेजर काका म्हणायचो. खरं नाव मी इथे लिहीत नाही. ज्याचं नाव त्याच्याच खोलीत राहावं, असं त्यांचं मत होतं, आणि या एका बाबतीत तरी मी त्यांचं ऐकणार आहे.

नांदेडला स्टेशनजवळच्या एका लॉजवर त्यांनी तीस वर्षं मॅनेजरकी केली. लॉज पाडून तिथे दुकानं झाली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. आमच्या कंपनीच्या मालकांच्या, म्हणजे सरांच्या, वडिलांची त्यांच्याशी जुनी ओळख, त्या भिडेखातर सरांनी त्यांना कंपनीत घेतलं. काम काय द्यायचं ते घेतल्यानंतर ठरलं. ऑफिस उघडायचं, बंद करायचं आणि ग्राहकांचे फोन घ्यायचे.

कंपनी म्हणजे नांदेडातच वजिराबादेत एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आमचे सर्व्हर मात्र हैदराबादेत, एका मोठ्या इमारतीत भाड्याच्या जागेवर ठेवलेले. एकेका सर्व्हरचे वीस-पंचवीस भाग पाडायचे आणि एकेक भाग एकेका ग्राहकाला द्यायचा, असा आमचा धंदा. कुणी शाळावाले, कुणी दवाखानेवाले, कुणी डाळमिलवाले. प्रत्येकाला वाटायचं की आपलं एक स्वतंत्र मशीन आहे. मध्ये भिंती घालायचं काम सॉफ्टवेअर करायचं, आणि जागा देणं-परत घेणं ज्या भागाकडे होतं तो भाग मी लिहिलेला होता.

पहिल्या दिवशी मी काकांना हे सगळं कागदावर चौकोन काढून समजावलं. क्लाउड म्हणजे काय, एकाच मशीनवर अनेक ग्राहक कसे राहतात, भिंती कशा असतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे लॉजच की," ते म्हणाले.

चार वर्षं इंजिनिअरिंग केल्याचा जो काही तोरा माझ्याकडे होता तो तिथेच उतरला. नंतर विचार करताना मला त्यात खोट काढता येईना. त्या दिवसापासून ते ग्राहकांना मुसाफर म्हणायला लागले आणि सर्व्हरवरच्या जागेला खोली. कंधारच्या एका हेडमास्तरांचा दर सोमवारी घाबरून फोन यायचा की निकालपत्रकं उघडत नाहीत. काका त्यांना म्हणायचे, "गुरुजी, तुमची खोली हाय तिथंच हाय. जरा कडी काढून परत लावा." म्हणजे बंद करून परत चालू करा. गुरुजींना ते बरोबर कळायचं. देगलूरकडच्या लोकांशी ते तेलुगूत बोलायचे, कुणाशी दखनी हिंदीत. फोन ठेवताना शेवटी एकच वाक्य असायचं, की फिकर करू नका.

लॉजवरचा त्यांचा एक नियम होता. मुसाफर गेला की खोली झाडल्याशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही. यात नवल काही नाही, पण काकांचं झाडणं म्हणजे केर काढणं नव्हे. ते स्वतः जायचे, गादी उचलायचे, ड्रॉवर बाहेर काढून उलटा करायचे, कपाटाच्या वरच्या फळीवर हात फिरवायचे. खाली पंजाबातून आलेलं कुटुंब सामानासकट उभं असायचं, पोरं रडत असायची, लॉजचा मालक जिन्यातून हाका मारत असायचा. काका वर गादी उचलत असायचे. जे सापडायचं ते वर्तमानपत्रात बांधून, नाव लिहून एका कपाटात ठेवायचे. कागद सापडला तर घडी मोडायची नाही. वरचं नाव तेवढं वाचायचं.

एकदा एका म्हाताऱ्या सरदारजींची दातांची कवळी बाथरूमच्या ग्लासात राहिली. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. काका तो ग्लास पाण्यासकट धरून प्लॅटफॉर्मभर डबे धुंडाळत फिरले. आमच्या ऑफिसात हे सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आवरायचं नाही. सरदारजी तोंड मिटून खिडकीत बसले होते, दात घातल्यावर पहिलं काय बोलले असतील तर ग्लासही ठेवून घेऊ का, असं.

तर अशा माणसाने आमच्याकडे आल्यावर मला काय विचारलं असेल, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. नवा ग्राहक आला की ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे.

"ताई, खोली झाडली का?"

मी मान वर न करता हो म्हणायचे. मशीन आपोआप झाडतं, काका. ते मान डोलवून परत जायचे. असं दीड वर्ष चाललं होतं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय त्यांची पुरी होत नाही. एका ग्राहकाने जागा सोडली की तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं लिहून ती पुसायची, अशी पायरी मी सॉफ्टवेअरमध्ये घातली होती. पण त्या पुसण्याला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ शेजारचे ग्राहक रडायचे. दवाखान्यात पेशंटची रांग आहे आणि तुमचं मशीन रांगतंय, असे फोन यायचे. म्हणून एका सोमवारी मी ती पायरी बंद केली. तात्पुरती. कोडमध्ये तसं लिहूनही ठेवलं, की तात्पुरतं बंद. नंतर रात्रीच्या वेळी पुसायची काहीतरी सोय करू, असं मनाशी ठरवलं. आमच्या क्षेत्रात या तात्पुरत्याला अंत नसतो. मी ते विसरले, आणि काकांना हो म्हणत राहिले.

एके दिवशी धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी स्वतः ऑफिसात आले होते. त्यांना नवी जागा हवी होती. चहा घेत बाकावर बसले होते, मी जागा तयार करत होते. काका आले, नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं. त्या दिवशी ते हलले नाहीत.

"एकदा दाखवा तरी," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं, मी एक पण खोली बघितली न्हाई."

मी हसले आणि नवी जागा उघडून दाखवली. स्क्रीन कोरी. एकही फाइल नाही.

त्यांनी वाकून बघितलं. "ही वरची चादर झाली. गादी उचला."

त्यांना खूश करावं म्हणून मी एक आज्ञा दिली. फाइलींची यादी बाजूला ठेवून डिस्कवर प्रत्यक्ष जे लिहिलेलं असतं ते तसंच्या तसं वाचणारी. शून्यांच्या रांगा दिसतील आणि काका समाधानाने जातील, अशी माझी कल्पना होती. स्क्रीनवर मजकूर यायला लागला. आधी कचरा, मग अक्षरं, मग नावं. नाव, वय, गाव, घरच्यांचा फोन. कधीपासून पितो. मारहाण करतो का. मुरुडचा कुणी, अहमदपूरचा कुणी, एक शिक्षक, एक एसटीचा ड्रायव्हर. ते लातूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्राचं दप्तर होतं. महिन्याभरापूर्वी केंद्राला मोठी जागा लागली म्हणून आम्ही नवी दिली होती आणि ही जुनी परत घेतली होती. ग्राहकाला दाखवताना रिकामी दिसणारी ती खोली त्यांच्या कागदांनी भरलेली होती, आणि पाच मिनिटांत मी ती मिरचीच्या व्यापाऱ्याला देणार होते.

काका माझ्या आणि बाकाच्या मध्ये येऊन उभे राहिले, पाठ व्यापाऱ्याकडे करून. स्क्रीनवर एका नावापाशी त्यांची नजर थांबली. मीही ते वाचलं. आडनाव त्यांचंच होतं, पत्ता नांदेडचा.

"वाचू नको, पोरी," ते हळू म्हणाले. "बंद कर."

मला त्यांनी ताई सोडून दुसरं काही म्हटल्याचं ते पहिलं आणि शेवटचं. मी बंद केलं. त्यांनी व्यापाऱ्याला जाऊन सांगितलं की खोली तयार नाही, दोन दिवसांनी या. व्यापारी कुरकुर करत गेले.

केंद्र चालवणाऱ्या मॅडमना आमच्याकडे काकांनीच आणलं होतं. ओळख कशी, असं मी तेव्हा विचारलं होतं. असते ओळख, एवढंच ते म्हणाले होते. मुलगा हैदराबादला कामाला आहे, असं ते सांगायचे. त्यातलं वर्षभर तो कुठे होता हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळपर्यंत मी पुसण्याची पायरी परत चालू केली आणि रिकाम्या जागा सगळ्या पुसून काढल्या. मग हिशेब लावला. मधल्या काळात सात जागा न पुसता दुसऱ्यांना दिल्या गेल्या होत्या, त्यातल्या दोन केंद्राच्या जुन्या जागेतून कापलेल्या. त्या दोघांपैकी कुणी आतलं वाचलं होतं का, हे कळायला काही मार्ग नव्हता. बहुधा नसावं. गादी उचलून बघणारी माणसं थोडी असतात. पण बहुधा या शब्दावर त्या एसटी ड्रायव्हरची नोकरी आणि अजून कुणाकुणाचा संसार लटकत होता, हे मला दिसत होतं.

सरांना मी सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हेत, घाबरलेले होते. कुणी बघितलं नाही ना, दुरुस्त झालंय ना, मग विषय संपला, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाहेर एक शब्द गेला तर उद्या दवाखाने सोडून जातील. मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

काका दारात उभे होते. मुसाफराला कळवावं लागतंय, असं ते म्हणाले. सरांनी त्यांना समजावलं, मग जरा आवाज चढवला. काकांनी वाद घातला नाही. नंतर माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आजवर कुणाला सांगितलेली नव्हती.

लॉजवर एकदा गर्दीच्या दिवसांत त्यांनी एक खोली न झाडता दिली होती. आयुष्यात एकदाच. आधीच्या मुसाफर बाईंचा दवाखान्याचा कागद गादीखाली राहिला होता. नंतर त्या खोलीत उतरलेले लोक नेमके तिच्या सासरच्या गावचे निघाले. त्यांनी तो कागद वाचला आणि जाताना काउंटरवर आणून दिला. काकांनी बाईला कळवायचं म्हटलं तर मालक म्हणाला, कशाला नसतं लचांड. काका गप्प बसले. काही महिन्यांनी ती बाई एकटी आली, काउंटरशी उभी राहिली.

"भांडली न्हाई," काका म्हणाले. "म्हणली, तुम्ही कळवलं असतं तर मी घरी आधी सांगितलं असतं. दुसऱ्याच्या तोंडून कळू दिलं नसतं. बस. एवढंच म्हणली."

ते थोडा वेळ माझ्या टेबलाचा ड्रॉवर उघडत-मिटत राहिले. मग घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने लातूर गाठलं. लोहा, अहमदपूर, लातूर. केंद्राच्या मॅडमना काय बोलले ते मला आठवड्याने कळलं, जेव्हा मॅडमचं पत्र आलं. कोणत्या महिन्यातल्या कोणाकोणाची माहिती उघडी राहिली याची यादी द्यावी, असं त्यांनी मागितलं होतं. आपण सगळ्यांना एकेकट्याला बोलावून सांगत आहोत, असंही लिहिलं होतं. आणि खाली एक वाक्य. तुमचे मॅनेजर स्वतः येऊन सांगून गेले की खोली झाडायची जबाबदारी त्यांची होती आणि ती त्यांच्याकडून राहिली.

सरांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. मी समोर बसले होते. ज्या माणसाला कॉपी-पेस्ट शिकायला दोन महिने लागले, त्याने सर्व्हरची डिस्क पुसायला विसरावी, हे सरांना पटलं असेल असं मला वाटत नाही. कोड कुणाचा आहे हे त्यांना माहीत होतं. पण दवाखान्यांना दाखवायला एक नाव मिळालं होतं, आणि ते नाव त्यांनी कामावर ठेवलेल्या एकुलत्या एक इंजिनिअरचं नव्हतं. काकांना एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

मी काहीही बोलले नाही. यावर सारवासारव करता येण्यासारखं काही माझ्याकडे नाही. मला भीती वाटली आणि मी गप्प राहिले. बोलायला तीन दिवस होते आणि ते तिन्ही दिवस मी पुसण्याच्या पायरीवर चाचण्या घेत बसले.

शेवटच्या दिवशी काकांनी त्यांचं टेबल ओल्या फडक्याने पुसलं, ड्रॉवर बाहेर काढून उलटा करून झटकला. जाताना माझ्यापाशी थांबले.

"आता रोज झाडता ना, ताई?"

मी हो म्हटलं. या वेळी ते खरं होतं.

"मग झालं," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

चार महिन्यांनी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्या जाण्याची बातमी आली. झोपेतच गेले, म्हणे. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि तासाभरात कुणीतरी धर्माबादच्या ग्राहकाचा प्रश्न टाकला.

मी घरी भेटायला गेले तेव्हा दार त्यांच्या मुलाने उघडलं. हैदराबादचं काम सोडून तो आता इथेच मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. पाणी आणून दिलं. मग तोच बोलला.

"बाबांनी लातूरला जायच्या आधी पहाटे हैदराबादला फोन करून मला उठवलं, ताई. तुझं नाव हाय त्याच्यात म्हणून. मी लई भडकलो. मग दोन दिवसांनी सासरी जाऊन मीच सांगून टाकलं सगळं. आधी सांगितलं म्हणून निभावलं."

मी कोण आहे हे त्याला माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. निघताना त्याने काकांची खुर्ची नीट सरकवून ठेवली. तिच्यावरची उशी मी उचलून बघितली नाही, पण हात तिकडे गेला होता.

त्यानंतरच्या सोमवारी मी लातूरची एसटी पकडली. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं एकदा वाटलं. केंद्र औसा रोडला एका गल्लीत आहे, बाहेर जास्वंदीचं कुंपण. मॅडम साठीच्या, जाड चष्म्याच्या. मी कंपनीचं नाव सांगितलं आणि उभ्यानेच बोलून टाकलं, की ती चूक मॅनेजर काकांची नव्हती. पुसायची पायरी मी बंद केली होती. ते विचारायचे आणि मी हो म्हणायचे.

मॅडमनी मला बसायला सांगितलं. कपाटातून केंद्राचं तक्रारींचं रजिस्टर काढलं आणि एक पान उघडून माझ्याकडे फिरवलं. तारीख, काय घडलं, आणि शेवटच्या रकान्यात जबाबदार व्यक्ती. तिथे काकांचं पूर्ण नाव होतं, त्यांच्या लॉजवरच्या वळणदार अक्षरात, पेन्सिलने.

"मी पेन देत होते," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी पेन्सिल मागितली. म्हणाले, ज्याचं नाव हाय तो येईल. आला की माझं पुसून टाका."

काका कसे आहेत, असं मॅडमनी विचारलं नाही. बातमी त्यांना कळलेली होती.

त्यांनी ड्रॉवरमधून खोडरबर काढून माझ्यापुढे ठेवलं. काकांचं नाव मी पुसलं, कागदावरचा चुरा तळहाताने झाडला आणि त्या जागी पेनने माझं नाव लिहिलं.